आभासी गावालाही वार्ताहर द्या: नागपूरच्या मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील मराठी दैनिकांचे संपादक आणि शहर व जिल्हा पानांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

आपला वार्ताहर उमरेडला आहे, काटोलला आहे, रामटेक, सावनेर, भिवापूर, कुहीलाही आहे. मराठी माणसं रोज जिथे जमतात, घरं बांधतात, सण करतात, भांडतात, आणि ज्यांच्यातलं कोणी मेलं तर मागे उरलेले रडतात, असं आणखी एक ठिकाण आहे. तिथे आपला कोणी नाही. ते ठिकाण संगणकाच्या आत आहे. तिथे वार्ताहर नेमा आणि तिथली बातमी तंत्रज्ञानाच्या पुरवणीत न टाकता जिल्ह्याच्या पानावर घ्या, एवढी मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे.

मी उमरेडला शाळेत शिकवत होतो आणि सोबत नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. फुलस्केप कागदावर बातम्या लिहायच्या, पाकीट चिकटवायचं आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. गणेशपेठच्या स्टँडवर दैनिकाचा माणूस ते घ्यायला उभा असायचा. पाकिटात काय असायचं? शंकरपट, भागवत सप्ताह, मिरचीचे भाव, सरपंचावरचा अविश्वास ठराव, दहावीत पहिला आलेला पोरगा, आणि कोण वारलं. मानधन नावापुरतं होतं. पण गावाचं नाव पेपरात आलं की पानठेल्यावर तो अंक हातोहात फिरायचा, आणि दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीतला बाबू जरा नीट बोलायचा. छापून आलं की गावाला वजन येतं, हे मी तिथे पाहिलं. आता नागपुरात राहतो. गुडघे धरल्यापासून बाहेर पडणं कमी झालं आहे. रोज संध्याकाळी ज्या गावात जाऊन बसतो, त्या गावाचं नाव अजून कुठल्याच पेपरात आलेलं नाही.

त्या जगाचं नाव सेकंड लाइफ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने ते जून २००३ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. त्याला खेळ म्हणावं तर तिथे गुण नाहीत, पातळ्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. खातं फुकट निघतं. एक नाव घ्यायचं, अंगाला रूप द्यायचं आणि चालायला लागायचं. जमीन २५६ मीटर लांब, २५६ मीटर रुंद अशा चौकोनांत मोजलेली आहे. त्या चौकोनाला तिथले लोक सिम म्हणतात. सिमवर जे दिसतं, म्हणजे घर, झाड, खुर्ची, पायातली चप्पल, ते जवळजवळ सगळं कोणातरी रहिवाशाने बनवलेलं असतं, आणि पुष्कळदा विकलेलं असतं. व्यवहार लिंडन डॉलरमध्ये होतात. हे चलन खऱ्या पैशांनी विकत घेता येतं आणि विकून खरे पैसेही मिळतात. जमीन ठेवायची तर महिन्याचं शुल्क भरावं लागतं. त्याला टियर म्हणतात. ज्याला संपूर्ण सिम परवडत नाही तो दुसऱ्या रहिवाशाकडून तुकडा भाड्याने घेतो.

आम्ही मराठी मंडळींनी असाच एक तुकडा घेतला आहे. मधोमध झिरो माईलचा खांब आणि त्याचे चार घोडे उभे आहेत. ते बनवणारा पोरगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. घोड्यांचे पाय मनासारखे होईपर्यंत त्याने ते पुन्हा पुन्हा मोडून केले. येणाऱ्यांत मस्कतची एक नर्स आहे. काटोलचे एक निवृत्त कृषी सहायक आहेत, ते तिथेही संत्र्याची बाग लावून बसले आहेत. पुण्यात नोकरीला गेलेली आणि खोलीत एकटी पडलेली वर्ध्याची एक पोरगी आहे. स्नायूंच्या आजारामुळे खुर्चीतून उठू न शकणारा एक तरुण आहे. आमच्यात सगळ्यांत जास्त हिंडलेला तोच, नव्या माणसाला जग दाखवायला तोच नेतो. घाईच्या गप्पा रोमन लिपीतल्या मराठीत चालतात. आवाज सुरू केला की वऱ्हाडी, झाडीबोली, पुणेरी सगळं कानावर पडतं.

आमच्याकडे तान्हा पोळाही भरतो. लाकडी बैलांची रांग लागते, तोरण बांधतात, झडत्या म्हणतात. त्याच दिवशी इकडे आपल्या महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे त्या नावाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. १८८० च्या दशकापासून नागपूरने ही रीत जपली आहे. मारबतीसोबतचे बडगे, म्हणजे लहान पुतळे, त्या-त्या वर्षाची दुखणी अंगावर घेऊन फिरतात, महागाई, खड्डे, घोटाळे, जे काही असेल ते. एका वर्षी आम्हीही बडगा केला. आमच्या तुकड्याचं भाडं जमीनमालकाने कसलीही सूचना न देता वाढवलं होतं. आम्ही त्या भाडेवाढीचा बडगा बनवला आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत सिमच्या टोकापर्यंत नेला. आजूबाजूचे पोर्तुगीज, जपानी, अमेरिकन शेजारी बघायला जमले. नर्सताईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मालकही आला. उभ्या उभ्या बोलणी झाली आणि वाढ पुढे ढकलली गेली.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या प्रत्येक पेपरात मारबतीची पानं होती, असायलाच हवीत. त्याच दिवशी, तीच आरोळी देत, नागपूरच्याच माणसांनी काढलेल्या दुसऱ्या मिरवणुकीची एक ओळ कुठे नव्हती. मी एका दैनिकाला मजकूर पाठवला होता. उत्तर आलं की हे गेमिंगचं आहे, टेक पुरवणीकडे पाठवा. पुरवणीवाल्यांनी विचारलं, यात नवीन फीचर कोणतं? संपादक महोदय, भाडेवाढीविरुद्धची मिरवणूक हे फीचर नाही. ती शहराची बातमी आहे.

पण हे पत्र लिहायला बसवणारी गोष्ट वेगळी आहे. आमच्यात एक ताई होती. तिचं तिथलं नाव देत नाही, कारण ते छापायची परवानगी घरच्यांकडे मागितलेली नाही. ती नऊवारी लुगडी बनवायची, नथी, बुगड्या, हिरव्या बांगड्या बनवायची. त्या जगात नऊवारीचा काष्टा नीट बसवणं किती अवघड आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत. चालताना कापड अंगातून आरपार जातं. तिने ते जमवलं होतं. नवीन बाई आली की पहिलं लुगडं ताईकडून फुकट, हा नियम. एक दिवस ती आली नाही. मग आठवडाभर नाही. ‘काहून, ताई दिसून नाही राहिली?’ असं जो तो विचारायचा. कोणी म्हणालं माहेरी गेली असेल, कोणी म्हणालं नेट बंद असेल. आम्ही निरोप टाकत राहिलो.

मग तिच्या दुकानाच्या जागेचं भाडं संपलं. भाडं संपल्यावर तिथे काय होतं ते सांगतो. जागेवरच्या वस्तू ज्याच्या असतील त्याच्या खात्यात परत जातात आणि जमीन मोकळी होते. तिचं दुकान असंच गेलं, भिंती, पाट्या, ओळीने मांडलेली लुगडी, सगळं. सगळ्या वस्तू ज्या खात्यात परत गेल्या, ते उघडणारं कोणी उरलं नव्हतं, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

कळलं ते योगायोगाने. वर्ध्याची पोरगी घरी आली होती, रद्दीतला पेपर तिच्या हाती लागला. निधन वार्तांत एक फोटो होता. ताईने तिला एकदा आपला खरा फोटो दाखवला होता, म्हणून ओळख पटली. वार्ता अगदी व्यवस्थित होती. नाव, वय, पश्चात पती, मुलं, सून, नातवंडं असा परिवार, राहत्या घरून अंत्ययात्रा, मोक्षधाम घाट. आपल्या माणसांनी आपलं काम वेळेवर केलं होतं. आमच्यातले कितीतरी जण तोच पेपर रोज वाचतात, त्या दिवशीही वाचला असेल. पण ज्या नावाने आम्ही तिला हाक मारायचो ते नाव त्यात नव्हतं, आणि त्यातलं नाव आम्हाला माहीत नव्हतं. तोवर तेरवी होऊन गेली होती.

पुढे आम्ही तिच्या मुलाला निरोप पाठवला. आई संगणकावर काहीतरी डिझाइनचं करते, एवढंच त्याला ठाऊक होतं. आम्ही त्याला तिची लुगडी नेसलेल्या बायकांचे फोटो पाठवले, ब्राझीलच्या, जपानच्या, फ्रान्सच्या. त्याने ते वडिलांना दाखवले.

नॉर्वेमध्ये मॅट्स स्टीन नावाचा तरुण होता. ड्यूशेन या स्नायूंच्या आजाराने तो २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. पोराचं आयुष्य एकटेपणात गेलं, असंच आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी तो गेल्याची वार्ता त्याच्या इंटरनेटवरच्या वाचकांसाठी दिली, आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातल्या त्याच्या सोबत्यांची पत्रं एकामागून एक यायला लागली. काही जण दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले. एवढं सगळं घडलं ते बातमी योग्य माणसांपर्यंत पोचली म्हणून. म्हणून माझी पहिली मागणी अगदी लहान आहे. निधन वार्तेसाठी कुटुंबाकडून मजकूर घेता, त्या कागदावर एक ओळ वाढवा: ऑनलाइन जगात आणखी एखादं नाव होतं का, आणि ते छापायचं का. ज्यांना नको असेल ते मोकळं सोडतील. ही ओळ वाढवायला शाई फारशी लागणार नाही.

दुसरी मागणी वार्ताहराची. ती का, हे सांगायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

अशा जगांचं वय आपल्याला वाटतं त्याहून जास्त आहे. १९८० च्या दशकात लुकासफिल्मने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी हॅबिटॅट नावाचं जग तयार केलं. लोक टेलिफोनच्या तारेवरून त्यात यायचे. चित्रं ओबडधोबड, बोलणं डोक्यावरच्या अक्षरांत. तरी तिथे ‘द रँट’ नावाचं वर्तमानपत्र निघायचं, आणि ते एक रहिवासी काढायचा, आठवड्याचे कितीतरी तास घालून. त्याला ते करायला कोणी सांगितलेलं नव्हतं.

सेकंड लाइफमध्ये तर पहिल्याच वर्षी करबंदी झाली. सुरुवातीला कंपनी तिथे उभ्या केलेल्या वस्तूंवर कर लावायची. जो जास्त बांधेल त्याला जास्त भुर्दंड. अमेरिकाना नावाच्या वस्तीत लोक मिळून अमेरिकेतल्या प्रसिद्ध वास्तू उभारत होते. मोठं सार्वजनिक काम, म्हणून करही मोठा. २००३ मध्ये त्यांनी जागोजागी चहाच्या भल्यामोठ्या पेट्या रचून ठेवल्या. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात करापायी चहा समुद्रात फेकला गेला होता, त्याची ती आठवण. वर्ष संपता संपता वस्तूंवरचा कर गेला आणि जमिनीवर शुल्क आलं. त्याच सुमारास, रहिवाशाने जे बनवलं त्यावर हक्क त्याचाच, हेही कंपनीने मान्य केलं. आमची ताई लुगडी विकू शकत होती ती या हक्काच्या आधारावर. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचं आपलं शहर. आपल्याला ही बातमी परकी वाटायचं कारण नाही. ती आज सांगता येते, कारण त्या वेळी एक पत्रकार तिथे राहून रोजचं लिहीत होता. मात्र तो कंपनीनेच नेमलेला होता, ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी.

कारण कंपनीने न नेमलेल्या संपादकाचं काय झालं तेही नोंदलेलं आहे. पीटर लडलो हे तेव्हा मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. २००३ मध्ये त्यांनी द सिम्स ऑनलाइन या दुसऱ्या एका जगात ‘अल्फाव्हिल हेराल्ड’ नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. नवख्यांना लुटणाऱ्या टोळ्या, अल्पवयीन मुलांचं शोषण, असल्या गोष्टींवर ते लिहायला लागले. त्या डिसेंबरात त्यांचं खातं बंद झालं. ते जग चालवणाऱ्या कंपनीने नियमभंगाचं कारण दिलं; टीका होत होती म्हणून हाकललं, असं लडलो यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्र पुढे सेकंड लाइफमध्ये गेलं. द सिम्स ऑनलाइन हे जगच २००८ मध्ये बंद झालं.

माझं सगळं म्हणणं याच घटनेवर उभं आहे. तिथला वार्ताहर कितीही सरळ असो, त्याचं घर, त्याचं नाव, त्याचे कागद, सगळं एकाच मालकाच्या सर्व्हरवर असतं. मालकाने ठरवलं तर तो वार्ताहर, त्याचं वर्तमानपत्र आणि त्याचा वाचक एकाच दिवशी नाहीसे होऊ शकतात. उमरेडला एका ठेकेदाराने माझ्यावर डोळे वटारले होते, बातमी मागे घे म्हणून घरी माणसं पाठवली होती. मी टिकलो कारण माझ्या मागे नागपूरचं कार्यालय होतं, आणि त्या कार्यालयाला त्या ठेकेदाराशी काही देणंघेणं नव्हतं. आभासी गावाच्या वार्ताहरालाही असंच गावाबाहेरचं कार्यालय लागतं. त्याचा मजकूर नागपुरात तपासला जावा, नागपुरात छापला जावा, आणि तिथलं खातं उद्या बंद झालं तरी अंक इथल्या वाचनालयात बांधून राहावा. हे काम अमेरिकेतलं कोणी मराठीत करणार नाही.

मोठ्या वृत्तसंस्था तिथे गेल्या नव्हत्या असं नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये रॉयटर्सने सेकंड लाइफमध्ये कार्यालय थाटलं, बातमीदार नेमला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जर्मनीच्या ॲक्सेल श्प्रिंगर या प्रकाशन कंपनीने तिथल्यासाठी ‘अवास्टार’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. मे २००७ मध्ये स्वीडनने तिथे आपलं दालन उघडलं. त्या दिवसांत मोठमोठ्या कंपन्यांची तिथे जत्रा भरली होती. जत्रा उठली तशा वृत्तकचेऱ्याही उठल्या. लोक मात्र राहिले, आजही आहेत. दरवर्षी ते तिथे अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी खरा पैसा जमवतात. अपंगांना आधार देणारे गट तिथे चालतात. आमच्या खुर्चीतल्या तरुणाला पहिली ओळख तिथूनच मिळाली. बाहेरून आलेला बातमीदार जत्रेसाठी येतो. बाजाराच्या दिवशीही आणि पावसाने रस्ता बंद असतानाही जो तिथेच राहतो, तो वार्ताहर. आपल्या तालुका वार्ताहरांची पद्धत हीच आहे, म्हणून हे काम आपल्याला जमेल असं मला वाटतं.

बातम्या कमी पडतील ही काळजी करू नका. २००७ मध्ये तिथे गिंको फायनान्शियल नावाची पेढी वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज देत होती. जुलैमध्ये लिंडन लॅबने जुगारावर बंदी घातली, ठेवी काढायला झुंबड उडाली आणि ऑगस्टमध्ये पेढी बसली. लोकांचे खरे पैसे गेले. जानेवारी २००८ पासून परवान्याशिवाय व्याजाचा धंदा तिथे बंद झाला. पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांच्या दारात काय घडतं हे आपल्या बातमीदारांनी डोळ्यांनी पाहिलं आहे; ती नजर तिथे हवी होती. त्याआधी, २००६ मध्ये, कॉपीबॉट नावाच्या साधनाने दुसऱ्याच्या वस्तूंची नक्कल करता येऊ लागली तेव्हा दुकानदारांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली होती. आजही भाडी वाढतात, सिम विकल्या जातात, नियम बदलतात, लोक एकमेकांना फसवतात आणि सांभाळतातही.

वेळेचाही प्रश्न आहे. त्या जगाचं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. तिथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा नागपुरात रात्रीचे साडेबारा झालेले असतात, आणि त्यांच्या हिवाळ्यात दीड. कंपनीची माणसं रहिवाशांशी बोलायला बसतात, नवे दर, नवे नियम सांगतात, ते त्यांच्या कामाच्या वेळात. बुटीबोरीच्या पोराला सकाळच्या शिफ्टला जायचं असतं. त्याच्या दुकानावर परिणाम करणारा निर्णय तो झोपेत असताना होतो आणि नंतर इंग्रजीत, अर्धामुर्धा त्याच्यापर्यंत येतो. कोणीतरी रात्री जागून ऐकावं आणि सकाळी मराठीत नीट सांगावं, एवढंच. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन आपण असंच वाचकांपर्यंत पोचवता.

सध्या आपल्या पानांवर आमच्यासारख्यांच्या दोनच तऱ्हेच्या बातम्या येतात. एक, पोरगा मोबाइलच्या नादी लागून बिघडला. दुसरी, बघा हो नवलाई, आता लग्नसुद्धा आभासी जगात. दोन्हीत राहणारा माणूस दिसत नाही. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. बंदीची बातमी पहिल्या पानावर आली, सुरक्षेचा मुद्दा होता, यायलाच हवी होती. पण टाळेबंदीच्या त्या महिन्यांत शाळा बंद, मैदान बंद असताना ज्या पोरांचे मित्र फक्त तिथेच भेटत होते, त्यांचं काय झालं हे कोणी जाऊन विचारलं नाही. एखादा मोहल्ला उठवला तर आपण उठलेल्या माणसांना भेटतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सना आणि सामाजिक खेळांना वेगळी जागा दिली गेली. आमचं जग खेळ नाही, पण तिथे चलन आहे, दुकानं आहेत, भाडं आहे. नागपूरच्या एखाद्या बाईने तिथे लुगडी विकून चार पैसे कमावले तर ती या कायद्यात कुठे बसते? हा प्रश्न दिल्लीत कोणाला तरी विचारायला हवा, आणि तो विचारण्यासाठी रहिवाशाहून वार्ताहराचं ओळखपत्र जास्त उपयोगी पडतं.

काही अटी मी आमच्या बाजूनेही घालतो. तिथलं नाव आणि इथलं नाव जोडायचं ते फक्त त्या माणसाच्या संमतीने. कोणी तिथे बाई असेल आणि इथे पुरुष, कोणी तिथे चालत असेल आणि इथे खाटेवर, कोणी घरच्यांपासून जीव मुठीत धरून तिथे येत असेल. उघड करणं बातमीदाराचा हक्क नाही. खाजगी गप्पा विचारल्याशिवाय छापायच्या नाहीत. तिथल्या समाजाचा रिवाजही तोच आहे. आणि आपल्या डेस्कने आम्हाला तेच प्रश्न विचारावेत जे भिवापूरच्या वार्ताहराला विचारता. कोणी पाहिलं? कधी? दुसऱ्या बाजूला विचारलं का? आभासी आहे म्हणून सैल सोडू नका. मानधनाबद्दल विचाराल तर तालुका वार्ताहराला जे देता तेच द्या, कमी नको.

पहिलं वार्तापत्र माझ्याकडे लिहून तयार आहे. नव्या भाडेदरांवर दोन्ही बाजूंचं म्हणणं आहे, यंदाच्या तान्ह्या पोळ्याची वेळ आहे, काटोलच्या काकांच्या बागेत दर शनिवारी चालणाऱ्या वाचनाची बातमी आहे, आणि एक जुनी मराठी वस्ती भाडं न परवडल्याने महिनाअखेर रिकामी होते आहे, तिथल्या दोघांशी मी बोललो आहे. ही शेवटची बातमी थांबवून ठेवण्यासारखी नाही. शब्दमर्यादा किती आणि मजकूर कोणत्या डेस्ककडे द्यायचा तेवढं कळवा, जिल्हा पान लागायच्या आत पोचवतो.

आपला,
एक माजी उमरेड तालुका वार्ताहर,
नागपूर